१९४०चं दशक : पिक्चर गेला, चोपडी राहिली

माळ्यावरची_पेटी | शनिवार, रात्री ९:५०

गणपतीच्या आधी माळा साफ करायचा म्हणून आजीची पत्र्याची ट्रंक खाली उतरवली. वर दोन नऊवारी, मधे वाळवीनं खाल्लेली पंचांगं आणि तळाशी सात चोपड्या. सिनेमाच्या गाण्यांच्या. बांधलेलं रबर वितळून कागदाला चिकटलंय. ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी सांगतो: पूर्वी थिएटरात खेळाच्या वेळी अशी पातळ पुस्तिका विकत मिळायची. आत नटनटींची नावं, पानदीडपान गोष्ट आणि सगळी गाणी. गोष्ट ऐन रंगात आली की 'पुढे काय झाले ते पडद्यावर पाहा' म्हणून संपते. आजीनं पुढचं पाहिलं. आमच्या वाट्याला अर्धी गोष्ट.

सहांची नावं लागली: शेजारी (१९४१), संत सखू (१९४१), सरकारी पाहुणे (१९४२), शकुंतला (१९४३), रामशास्त्री (१९४४), लोकशाहीर राम जोशी (१९४७). सातवीला वेष्टनच नाही. आतल्या पहिल्या पानाचा वरचा कोपरा तेवढा शाबूत आहे, त्यावर ठळक टायपात 'नव' एवढीच दोन अक्षरं. पुढचं फाटलंय. पूर्ण वाचता येणारं पहिलं गाणं 'नटली चैत्राची नवलाई'.

त्या दशकातलं मी आजवर काय पाहिलंय म्हणाल तर 'महल', तोही गाण्यासाठी. तर दोन प्रश्न. यातले किती पाहायला मिळतात आणि सुरुवात कुठून करू? आणि सातवी चोपडी कसली?

फटकळ | शनिवार, रात्री १०:०५

'नव'रदेव असेल. किंवा 'नव'रा नको गं बाई. 😀

रीळकाका | शनिवार, रात्री ११:२०

ट्रंक भाग्याची आहे. सातव्या चोपडीचं उद्या बघू, आधी तुमचा पहिला प्रश्न.

त्या काळचा मराठी चित्रपट शोधताना एक गोष्ट गाठीला बांधा: तो बऱ्याचदा जुळ्यातला एक असतो. प्रभात, नवयुग, राजकमल या चित्रपट कंपन्यांनी कितीतरी चित्रपट मराठी आणि हिंदी असे दोनदा काढले. हे डबिंग नव्हे. सेट तोच, कॅमेरा तोच, पण मराठी प्रसंग चित्रित झाला की तोच प्रसंग पुन्हा हिंदीत, कधी त्याच नटांना घेऊन, कधी बदलून. खर्च वाचायचा आणि बाजार लाहोरपर्यंत मिळायचा. त्यामुळे मराठी प्रत हाती लागत नसेल तर तिची हिंदी बहीण शोधा, आणि उलटही.

तुमच्या यादीतला 'शेजारी' घ्या. हिंदीत तो 'पडोसी'. एका गावात पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहणारे दोन म्हातारे, एक हिंदू, एक मुसलमान. गावात धरण बांधायचं म्हणून आलेला कंत्राटदार त्यांच्यात फूट पाडतो. शेवटी धरण फुटतं आणि हे दोघे एकमेकांचा हात धरून जातात. साल १९४१. आधल्याच वर्षी लाहोरचा ठराव झालेला होता, हे ध्यानात ठेवून बघा.

आता गंमत. दोन्ही भाषांत मिर्झा एकच, गजानन जागीरदार. पण समोरचा हिंदू शेजारी मराठीत केशवराव दाते आणि हिंदीत मझहर खान. म्हणजे हिंदीत मुसलमानाचं काम हिंदू नटानं केलंय आणि हिंदूचं मुसलमान नटानं. दिग्दर्शक शांतारामबापूंनी (व्ही. शांताराम) हे मुद्दाम केलं, आणि चित्रपटाचं म्हणणं निम्मं या पात्रयोजनेतच आहे. मराठीत ते होत नाही. पण मराठीत दाते आहेत, आणि दात्यांचं काम बघायचं तर मराठीच. मी दोन्ही लागोपाठच्या रात्री पाहिले. जागीरदार समोरचा माणूस बदलला की स्वतः कसे बदलतात, हे त्याशिवाय कळलं नसतं. दात्यांसमोर ते आवाज खाली ठेवतात, मझहर खानांसमोर थोडा चढवतात. निदान मला तसं जाणवलं.

शोधताना 'पडोसी'पुढे साल टाका हं. नाहीतर 'पडोसन'मधला मेहमूद समोर येतो.

फटकळ | शनिवार, रात्री ११:४१

मेहमूदच बरा म्हणायची वेळ येते काका. मागच्या वर्षी कुणीतरी इथेच सांगितलं म्हणून 'रामशास्त्री' लावला. विसाव्या मिनिटाला डोळा लागला. सगळे नाटकात बोलल्यासारखे बोलतात, चित्र धुरकट, आवाज डब्यातून आल्यासारखा. जुनं ते सोनं वगैरे ठीक आहे, पण सोन्यालाही कधीतरी पॉलिश करावं लागतं.

चिंची | रविवार, सकाळी ८:१५

फटकळ, विसाव्या मिनिटापर्यंत 'दोन घडीचा डाव' तरी ऐकलं असशील की नाही?

मला हा चित्रपट त्या एका गाण्यानं पकडला. लग्न लागलेली दोन लहान मुलं, अनंत मराठे आणि बेबी शकुंतला, आणि त्यांच्या तोंडी 'याला जीवन ऐसे नाव'. शांताराम आठवल्यांचे शब्द. आमच्या घरी हे गाणं कुणी गेलं की म्हणायचे, म्हणून मला वाटायचं भजन असेल. बघते तर दोन पोरं खेळता खेळता गातायत! त्या वयाच्या तोंडी ते शब्द ऐकताना अंगावर काटा येतो, कारण त्यांना स्वतःला अर्थ माहीत नाही आणि आपल्याला माहीत आहे. पुढे हाच मुलगा न्यायाधीश होऊन नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबादादाला देहान्त प्रायश्चित्त सांगतो. आनंदीबाई ललिता पवार. त्यांना आयुष्यभर खाष्ट सासू म्हणून बघितलेल्यांनी ही आनंदीबाई बघावीच.

१९४४मध्ये, इंग्रज सरकार बसलेलं असताना, पडद्यावर एक माणूस सत्तेच्या तोंडावर 'तुम्ही खुनी आहात' म्हणतो. प्रेक्षकांना कुणाविषयी चाललंय ते कळत नसेल का?

रीळकाका | रविवार, सकाळी ९:०२

चिंची, अगदी.

फटकळराव, 'नाटकातल्यासारखे' हा आक्षेप सरसकट नको. केशवराव दाते नाटकातलेच होते, पण 'आंधळ्यांची शाळा'मधले. १९३३ साली ज्या नाट्यमन्वंतरनं रंगभूमीवर नेहमीच्या बोलण्यासारखं बोलायला सुरुवात केली, त्यांतले. 'शेजारी'त ते ओरडत नाहीत, पुटपुटतात. दुसरीकडे पौराणिक चित्रपटांत पल्लेदार वाक्यं आहेत, ते मान्य. 'शकुंतला' मुंबईत स्वस्तिकला १०४ आठवडे चालला, राजकमलचा पहिलाच चित्रपट, पण आज सलग बघताना मीही दोनदा चहा करायला उठलो. जयश्री आणि वसंत देसाईंचं संगीत यांच्यासाठी बघा, चंद्रमोहनच्या डोळ्यांसाठी बघा. बाकी सोडून दिलं तरी चालेल.

न्यूजर्सीचा_नाना | रविवार, सकाळी ९:३०

फटकळच्या धुरकट चित्रावर थोडं अवांतर, पण मुद्द्याचं.

इथे आल्यावर मला चाळीसच्या दशकातल्या अमेरिकन गुन्हेपटांचं वेड लागलं. त्यात 'डिटूर' नावाचा १९४५चा एक पिक्चर आहे. दिग्दर्शक एडगर उल्मर, कंपनी गरीब, लांबी जेमतेम ६८ मिनिटं. एक पियानोवादक न्यूयॉर्कहून लिफ्ट मागत निघतो आणि रस्त्यात एकेका अपघातानं फसत जातो. अ‍ॅन सॅव्हेज नावाची बाई मध्यावर गाडीत बसते आणि पुढचा सगळा पिक्चर चावून खाते. याचा कॉपीराइट कधीच सुटलेला, त्यामुळे वर्षानुवर्षं ज्याच्याकडे जी प्रत असेल ती तो वाटायचा. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा अर्धा वेळ धुकं आहे की प्रत खराब तेच कळेना. २०१८ला तो नीट दुरुस्त करून पुन्हा आणला. तोच पिक्चर पुन्हा पाहिला आणि कळलं, बाईच्या चेहऱ्यावर पहिल्याच क्षणी सगळं लिहिलेलं होतं. मला ते आधी दिसलंच नव्हतं.

तेव्हा 'संथ आहे, कळत नाही' असं म्हणण्याआधी आपण पिक्चर बघतोय की त्याच्या नकलेची नक्कल, हे बघावं. हेडफोन लावून बघ रे फटकळ. संवाद कळले की निम्मा कंटाळा जातो.

फटकळ | रविवार, सकाळी ९:४४

हे पटलं. हेडफोन लावतो. पण झोप लागली तर नानाच्या नावानं बिल फाडणार.

सोलापूरकर_कडक | रविवार, दुपारी १२:१०

काय लावलंय पुणं-मुंबई. या दशकातले दोन मोठे चित्रपट सोलापूरच्या माणसांवर आहेत, ते कोण सांगणार?

एक, लोकशाहीर राम जोशी. राम जोशी सोलापूरचा. भिक्षुकीच्या घरातला पोरगा तमाशात गेला. चित्रपटात जयराम शिलेदार राम जोशी आणि हंसा वाडकर तमाशातली बया. कथा-संवाद-गीतं गदिमांची. १९४७ साली आला आणि त्यानंतर मराठी पडद्यावर ढोलकी जी वाजायला लागली ती वीसपंचवीस वर्षं थांबली नाही. दिग्दर्शक म्हणून दोन नावं आहेत, बाबूराव पेंटर आणि शांताराम. पेंटर म्हणजे ज्यांच्या हाताखाली कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनीत शांताराम शिकले ते. चेल्यानं गुरूला स्वतःच्या कंपनीत बोलावलं. हिंदी जुळं आहे, 'मतवाला शायर राम जोशी'. पण 'सुंदरा मनामध्ये भरली' ऐकायची ती मराठीतच, त्यात वाद नको.

दोन, डॉ. कोटणीस की अमर कहानी (१९४६). डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्या गावचे. १९३८ला काँग्रेसनं पाठवलेल्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथेच लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ला तिथेच वारले. वय ३२. शांताराम स्वतः कोटणीस झालेत, चिनी बायकोचं काम जयश्रींनी केलंय. ख्वाजा अहमद अब्बासच्या पुस्तकावरून. याची इंग्रजी आवृत्तीसुद्धा काढली होती, म्हणजे काकांच्या हिशेबात हेही जुळंच. जयश्रींचा चिनी मेकअप आज बघवत नाही हे मी सोलापूरकर असूनही कबूल करतो. पण चाळीस कोटींच्या देशात एका साध्या डॉक्टरावर, मरून चार वर्षं व्हायच्या आत, एवढा मोठा चित्रपट निघाला. गावात त्यांच्या घराचं स्मारक केलंय, कधी आलात तर सांगा, मी दाखवतो. भाकरी-शेंगाचटणी माझ्याकडून.

चिंची | रविवार, दुपारी १२:३२

शेंगाचटणीसाठी येणार. स्मारकही बघू.

माळ्यावरची_पेटी | रविवार, दुपारी २:००

वा! लिहून घेतोय. काल रात्री 'शेजारी' सुरू केला. 'लख लख चंदेरी' चोपडीत वाचून काहीच वाटलं नव्हतं, आठ ओळी, बस. पडद्यावर ते केवढं मोठं समूहनृत्य आहे! मास्तर कृष्णरावांची चाल ऐकता ऐकता आजीनं पेन्सिलीनं त्या पानावर केलेली बारीक खूण दिसली. सगळ्या चोपड्यांत मिळून अशा चारच खुणा आहेत. सातवीत 'नटली चैत्राची'वर आहे.

एक शंका. सात चोपड्यांतले काही चित्रपट कुठेच सापडत नाहीत. 'सरकारी पाहुणे' बरंच शोधलं. एवढे चित्रपट गेले कुठे?

रीळकाका | रविवार, दुपारी ३:४०

जळाले, नाहीतर वितळवले.

त्या काळची फिल्म नायट्रेटची. झटकन पेट घेते आणि एकदा पेटली की पाण्यानंही विझत नाही. न पेटली तरी दमट हवेत हळूहळू चिकट होते, मग तिची पूड होते. शिवाय तिच्यावरच्या थरात चांदी असते. चित्रपट चालून संपला की निर्मात्याच्या लेखी रिळांची किंमत भंगाराची. चांदी काढून घेणारे वजनावर न्यायचे. आपण आज 'वारसा' म्हणतो, त्यांना ती घरात ठेवलेली स्फोटकं वाटायची, आणि फार चूक नव्हतं ते.

कोल्हापूरचं उदाहरण घ्या. गांधीजींच्या हत्येनंतर ज्या जाळपोळी झाल्या त्यात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. 'मीठ भाकर' त्यात गेला. भालजींनी तो पुन्हा उभा केला आणि १९४९मध्ये पडद्यावर आणला. म्हणजे आपण जो 'मीठ भाकर' म्हणतो तो दुसरा. पहिला कुणीच पाहिलेला नाही. इतकं कशाला, जतन करायला म्हणून ठेवलेलंही सुटलं नाही: जानेवारी २००३मध्ये पुण्यात, जिथे एकेकाळी प्रभात होती त्याच आवारात, कोठाराला आग लागली आणि नायट्रेटची रिळं खाक झाली. काहींच्या प्रती दुसऱ्या फिल्मवर उतरवलेल्या होत्या म्हणून वाचल्या.

आणखी एक. युद्धकाळात कच्ची फिल्म बाहेरून येणं दुरापास्त झालं. सरकारनं चित्रपटाच्या लांबीवर ११,००० फुटांची मर्यादा घातली. मिनिटाला ९० फूट, म्हणजे जेमतेम दोन तास. पुढे फिल्मसाठी परवाना लागायला लागला. फिल्मच मोजून मिळायची तिथे जादा प्रती कुठून काढणार? ज्या निघाल्या त्या गावोगाव फिरून झिजल्या. जत्रेत तंबूत दाखवलेल्या प्रतीची शेवटी काय दशा होत असेल, विचार करा.

फटकळ | रविवार, दुपारी ४:०५

दोन तासांची सक्ती! आजच्या निर्मात्यांना पुन्हा लावा हो.

इंदुरी_सराफा | रविवार, संध्याकाळी ६:२०

धागा आत्ता पाहिला. सातव्या चोपडीवर कुणीच बोललं नाही?

'नव' म्हणजे 'नवयुग'. नवयुग चित्रपट. आणि चित्रपट 'पहिली मंगळागौर', १९४२. शाहू मोडक, स्नेहप्रभा प्रधान, विष्णुपंत जोग.

पेटीवाले, आता खुर्चीत नीट बसा. 'नटली चैत्राची नवलाई' लता मंगेशकरांनी गायलंय. दादा चांदेकरांची चाल. त्यात त्यांनी छोटं कामही केलंय. त्या वर्षी एप्रिलमध्ये मास्टर दीनानाथ गेले. लता बारा वर्षांची, घरात सगळ्यात मोठी. मास्टर विनायक मंगेशकरांच्या घरच्यासारखे, त्यांच्या ओळखीनं नवयुगमध्ये काम मिळालं. कॅमेऱ्यासमोर उभं राहणं त्यांना मुळीच आवडत नसे हे त्यांनी पुढे वेळोवेळी सांगितलंय.

(जन्म इंदूरचा. सोलापूरकरांनी दोन माणसं सांगितली, आमचं एकच पुरे आहे.)

सोलापूरकर_कडक | रविवार, संध्याकाळी ६:२४

हरलो. 🙏

माळ्यावरची_पेटी | रविवार, संध्याकाळी ७:१०

थांबा, थांबा. 'सरकारी पाहुणे'ची चोपडी तिच्या शेजारी ठेवून पाहिली. तिच्यावर 'नवयुग' आहे. तोच टाइप, त्याच वळणाचा 'न', काना खाली तसाच टोकदार. आतली कागदाची पिवळट छटासुद्धा एकच. इंदुरी, तुम्हाला साष्टांग दंडवत.

आमच्या आजीला लताबाई आवडायच्या नाहीत हो! 'फार बारीक आवाज' म्हणायची. हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे हीच तिची दैवतं. तिला माहीत असेल का, ज्या गाण्यावर आपण खूण केली ते कुणाचं?

रीळकाका | रविवार, रात्री ८:००

माहीत नसणारच. बाराव्या वर्षीच्या लताचं नाव कुणाला माहीत होतं? पुढे सात वर्षांनी 'महल'ची रेकॉर्ड निघाली तेव्हासुद्धा तिच्यावर गायिका म्हणून 'कामिनी' छापलं होतं, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं नाव. तुमच्या पहिल्या पोस्टीतला 'महल' आणि ही फाटकी चोपडी, दोन्हीकडे तोच आवाज आणि दोन्हीकडे नाव नाही. बघा कसं आलं फिरून.

याच्या आधीचं एक गाणं आहे, 'किती हसाल'मधलं 'नाचू या गडे, खेळू सारी'. सदाशिवराव नेवरेकरांची चाल. ध्वनिमुद्रण झालं पण चित्रपटातून ते वगळलं. त्यामुळे प्रेक्षकांपुढे पहिलं आलं ते 'पहिली मंगळागौर'चंच.

सरस्वतीबाईंचं नाव काढलंत म्हणून सांगतो. विजय भट्टांचा 'राम राज्य' (१९४३) मिळवा. सीता शोभना समर्थ, संगीत शंकरराव व्यास, आणि सरस्वती राणेंचं 'बीना मधुर मधुर कछु बोल'. याचीही मराठी आवृत्ती निघाली होती. गांधीजींनी बसून पाहिलेला हिंदी चित्रपट म्हणून त्याचं नाव घेतात. आजीची आवड ऐकता तो तिनं नक्की पाहिला असणार, चोपडी हरवली असेल.

चिंची | रविवार, रात्री ८:४५

स्नेहप्रभा प्रधान! पिक्चर मिळत नाही तिथे ही बाई पुस्तकात भेटते: 'स्नेहांकिता'. मी तर चाळीसचं दशक असंच शोधलं, बायकांच्या आत्मचरित्रांतून. हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' (त्यावरून बेनेगलांनी 'भूमिका' केला), लीला चिटणिसांचं 'चंदेरी दुनियेत', दुर्गाबाईंचं 'मी, दुर्गा खोटे'. एकेका वाक्यात कळतं की पडद्यावर हसणारी बाई त्या दिवशी काय सोसून सेटवर आली होती. 'संत सखू' बघण्याआधी हंसाबाईंचं पुस्तक वाचलं तर सखूचा सासुरवास वेगळाच दिसतो. सखू मुकाट्यानं सोसते. हंसाबाई सोसतातही आणि दारू पिऊन सगळं सांगूनही टाकतात.

शांता आपटे तर सगळ्यांच्या पुढे. 'जाऊ मी सिनेमात?' असं पुस्तक १९४०लाच लिहून मोकळ्या झाल्या. आणि १९४१मध्ये थेट तमिळ 'सावित्री'त सावित्री! त्यासाठी तमिळ शिकल्या. त्यात नारद कोण? एम. एस. सुब्बुलक्ष्मी. पुण्याची सावित्री आणि मदुराईचा नारद एकाच पडद्यावर. हे मला कुणी शाळेत का नाही सांगितलं?

आणि पेटी, एक हिंदी शोध: 'कल्पना', १९४८. उदयशंकरांचा, अख्खा पिक्चर म्हणजे एक नृत्यच. आपल्या उषा किरण यांची सुरुवात यातली. जीर्ण झालेला हा चित्रपट मार्टिन स्कॉर्सेसीच्या संस्थेनं दुरुस्त केला आणि २०१२ला कान महोत्सवात दाखवला. नाना म्हणतो ते इथे कळतं. यंत्रांचं नृत्य स्वच्छ प्रतीत बघितलं की खराब प्रतीत आपण काय बघत होतो असं वाटतं.

न्यूजर्सीचा_नाना | रविवार, रात्री ९:१५

+१ कल्पना. आणि कान म्हटल्यावर 'नीचा नगर' विसरू नका. चेतन आनंद, १९४६. पहिल्याच कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळालेल्या चित्रपटांतला एक, संगीत रविशंकरांचं. इथल्या मित्रांना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही.

इंदुरी_सराफा | रविवार, रात्री ९:५०

मास्टर विनायकांविषयी एक ओळ लिहायची राहिली. 'पहिली मंगळागौर' नवयुगचा. पुढे विनायक नवयुगमधून बाहेर पडले, प्रफुल्ल पिक्चर्स काढली, 'माझं बाळ', 'गजाभाऊ' वगैरे काढले. १९ ऑगस्ट १९४७ला गेले. स्वातंत्र्य मिळून चार दिवस झाले होते. 'मंदिर' अर्धा राहिला, तो दिनकर पाटलांनी पुरा केला. त्यात विनायकांची लहान मुलगी आहे, नंदा. वडिलांचा शेवटचा चित्रपट तोच मुलीचा पहिला.

फटकळ | रविवार, रात्री ११:३०

नोंद घ्या: हेडफोन लावून 'रामशास्त्री' पुरा पाहिला. झोप लागली नाही. निकालाच्या प्रसंगात रामशास्त्री झालेले जागीरदार आवाज चढवतील म्हणून वाट बघत होतो. फार चढवत नाहीत. नाटकातल्यासारखं हा शब्द मागे घेतो, पण पहिली वीस मिनिटं अजूनही लांब आहेत, यावर ठाम.

माळ्यावरची_पेटी | सोमवार, रात्री ९:०५

आज मावशीला फोन केला. वय ८९, ऐकायला कमी येतं. 'नटली चैत्राची नवलाई' ही एवढीच ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. पलीकडे काहीच नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग तिनं पुढची ओळ म्हटली. चुकत, पण चालीत. चोपडीत बघत होतो, दोन शब्द इकडचे तिकडे, बाकी बरोबर. म्हणाली, आई मंगळागौरीला फुगडी झाली की हे म्हणायला लावायची, सिनेमातलं आहे हे मला आज कळतंय. आजी लताबाईंना नावं ठेवत ठेवत पोरींना त्यांचंच गाणं शिकवत होती!

पिक्चर कुठे मिळाला तर सांगा. पुण्याच्या संग्रहालयात विचारून बघणार आहे. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू का? आणि लॅमिनेशन करून घ्यावं म्हणतो सगळ्यांचं.

रीळकाका | सोमवार, रात्री ९:०९

हात लावू नका!! सेलोटेप नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही. दहा वर्षांत गोंद पिवळा पडून अक्षरं घेऊन जातो. प्रत्येक पानाचा मोबाइलवर उजेडात सरळ फोटो काढा, मग चोपड्या आम्लरहित कागदाच्या वेगवेगळ्या पाकिटांत आडव्या ठेवा. रबर सोडवताना ओढू नका, कोरड्या मऊ ब्रशनं. पेन्सिलीच्या खुणा खोडरबरानं साफ करायच्या नाहीत हे सांगायला हवं का?

माळ्यावरची_पेटी | सोमवार, रात्री ९:१२

सांगितलंत ते बरं केलंत काका. बायको हातात खोडरबर घेऊनच बसली होती.